बदल मागे घेत आहोत

तीस टक्क्यांवर जो अडला, तो अडलाच.
निळ्या पडद्यावर पांढरे ठिपके
एकमेकांच्या मागे गोल गोल,
आणि खाली लिहिलेलं : संगणक बंद करू नका.
नाही केला. सांगितलेलं ऐकतो मी.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनघरात काढली,
कप्तान वरून ओरडायचा, मी खालून ऐकायचो.

शनिवार. वारा असा की विर्त्सूची शेवटची बोट रद्द.
दुपारी चारलाच मुहू बेटावर अंधार.
नऊच्या सुमाराला अक्षरं बदलली :
बदल मागे घेत आहोत.
बरं, म्हटलं, घ्या.
पुन्हा सुरू झाला, पुन्हा तीस,
पुन्हा मागे.

कुठं घोडं पेंड खातंय ते इंजिन आवाजानं सांगतं.
हा मुका.
शेवटी बटण दाबून धरलं, दहा आकडे मोजले.
झोपलेल्याचं नाक दाबावं तसं वाटलं.

चार स्क्रू. पाचवा कुणीतरी आधीच हरवलेला, म्हणजे मीच.
आत पंख्याला राखाडी लोकर :
आमची मुरी जाऊन चार वर्षं झाली,
अंगणात तिला पुरलं, वर दगड ठेवला,
पंख्यात मात्र कुत्री होतीच.
मी ती चिमटीत धरली
आणि काय करावं न सुचून खिशात टाकली.

मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबरानं घासल्या,
पुन्हा बसवल्या.
तीन आखूड शिट्ट्या.
समुद्रावर याचा अर्थ एकच :
माझं इंजिन उलटं चालतंय.
मला हसू आलं. एकटाच होतो, तरी मोठ्यानं हसलो.
काढून पुन्हा दाबल्या, या वेळी खटका ऐकू येईपर्यंत.

सुरू झाला.
कोपऱ्यात तारीख : एक जानेवारी, दोन हजार नऊ.

माइमू तुर्कूला असते, वृद्धाश्रमात, रात्रपाळीला.
बटणांच्या फोनवरून तिला लावला.
पैसे पडतात, म्हणून आम्ही फोनवर कमी बोलतो,
सगळं रविवारी सातला, याच पडद्यावर.
ती म्हणाली, "दोन हजार नऊ? मग बरोबर आहे, एल्मार.
आज कुठला दिवस तेच ज्याला ठाऊक नाही
त्याच्या हाती कोण काय देईल?
आमच्या दुसऱ्या मजल्यावर असे अकरा जण आहेत.
वाद घालू नकोस. हळूच तारीख सांग,
आणि पुन्हा विसरेल हे धरून चाल."
मागे कुणाची तरी घंटा वाजली. "येते हं," ती म्हणाली,
मला नाही, त्यांना.

दोन हजार नऊ.
तेव्हा मासळीचा कारखाना चालू होता,
तिचे हात धुरानं पिवळे,
आणि ती याच टेबलाशी बसून म्हणायची,
कंटाळा आला बाई या बेटाचा.
पडद्याला यातलं काही माहीत नव्हतं.
त्याच्या लेखी ती अजून घरातच होती,
शेजारच्या खोलीत, इस्त्री करत.

मी चहा केला. तारीख तशीच राहू दिली, चहा संपेपर्यंत.

रुपयाएवढी एक बॅटरी, बस्स, तेवढीच मेली होती.
दुकान सोमवारी.
घर धुंडाळलं : विजेरीत नाही, घड्याळात दुसऱ्या मापाची.
स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात सापडली.
नखानं उचलली, इकडे बसवली.
तारीख टाकली, वेळ टाकली, एक मिनिट पुढेच टाकली.
पहाटे सव्वापाचला शंभर टक्के.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वारा पडला होता.

रविवारी सातला ती आली,
आधी आवाज, मग कपाळ, मग सगळी.
"बारीक झालायस," म्हणाली.
म्हटलं, वजन करायला काटाच उरला नाही.
मग सगळं सांगितलं, मुरीचंसुद्धा.
ती बराच वेळ हललीच नाही;
मला वाटलं पुन्हा अडकलं.

काटा अजून आंधळाच आहे.
सोमवारी दुकानापर्यंत गेलो,
खिळे घेतले, बॅटरी विसरलो.
पीठ आता मुठीनं घेतो, मीठ नजरेनं.
परवा पाव जरा फुगला नाही.
खाल्ला.